वर काय, खाली काय, बाहेर काय?

मंगळवारी सकाळी गायकवाड मॅडम कॉलेजच्या जिन्यावर बसल्या. घंटा झाली. त्या उठल्या नाहीत.

त्याला आता काही महिने झाले. त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी टेबलाशी बसतो आणि दर वेळी तेच होतं. एखादं गंभीर वाक्य जुळवत असतो, तेवढ्यात त्यांचं काहीतरी आठवतं आणि मी एकटाच हसत सुटतो. परवा बायकोने दारातून डोकावून विचारलं, "शोकलेख लिहिताय ना?" मी हो म्हणालो. "मग रोज लिहीत जा," ती म्हणाली. "इतकं हसताना तुम्हाला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं."

मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मॅडम तिथेच हिशेबशास्त्र शिकवायच्या. त्यांचं नाव विमल, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिन चालवायचे, तेही त्यांना मॅडमच म्हणत. माहेर परंदवडीचं. उंची बेताची, चाल एक्स्प्रेसची. अंगावर सुती साडी आणि पायांत खेळाडूंचे बूट. लोणावळ्याचे चढ आणि चिखल यांना हाच उपाय, असं त्या म्हणत. बूट फरशीवर चरचर वाजायचे, त्यामुळे मॅडम कुठल्या मजल्यावर आहेत हे सगळ्या इमारतीला कळायचं. त्यांचं हसू विनोदाच्या आधी यायचं. आधी खांदे हलायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं, आणि विनोद कळायला ऐकणाऱ्याला थांबून राहावं लागायचं.

शिक्षकांच्या खोलीत त्या बसत नसत. "तिथे बोलणारे भरपूर, ऐकणारे शून्य. आणि शून्याने भागता येत नाही," हे त्यांचं कारण. म्हणून त्या ग्रंथालयात येत, माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढत आणि 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली बसून बोलायला लागत.

बोलणं एकाच विषयावर. गुणोत्तर. मी साहित्याचा माणूस. त्या येईपर्यंत गुणोत्तर म्हणजे शाळेत सुटलेली एक पीडा एवढंच मला माहीत होतं. त्यांनी ते मला एका वाक्यात शिकवलं. एकटा आकडा म्हणजे नुसती बातमी. एक आकडा वर, एक खाली, मध्ये रेघ ओढली की चौकशी सुरू होते. "कुणी लाखाचा नफा झाला म्हणून पेढे वाटतो. आपण पेढा खायचा आणि विचारायचं, किती लावून? पाच लाख लावून झाला, तर शाबास. कोटी लावून झाला, तर त्यापेक्षा पैसे बँकेत ठेवून झोपला असता तर बरं. वर काय आहे ते सगळे आपणहून सांगतात, ग्रंथपाल. खाली काय आहे ते विचारावं लागतं."

वर काय, खाली काय? हे दोन प्रश्न त्या ज्याला त्याला विचारत. एकदा आम्ही सगळे शिक्षक खंडाळ्याकडच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. पदार्थांची यादी पोथीसारखी जाड होती. मॅडमनी ती चाळली, वेटरला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "दादा, आत स्वयंपाकी किती?"

"एकच आहे, मॅडम."

"एका माणसाला दोनशे पदार्थ येत असतील, तर तो इथे कशाला थांबेल? चला, उठा सगळे."

आम्ही उठलो. प्राचार्यांनी तोवर अर्धा पापड खाल्ला होता, तो हातात घेऊन तेही उठले. समोरच्या गाडीवर आम्ही वडापाव खाल्ला. "पदार्थ एक, करणारे तीन. याला म्हणतात गुणोत्तर," असं म्हणून मॅडमनी दुसरा वडापाव घेतला.

मुली लग्न ठरल्याचं सांगायला आल्या की पेढ्याबरोबर परीक्षाही व्हायची. "मुलाचा फ्लॅट आहे म्हणतेस. त्यातला त्याचा किती, बँकेचा किती?" मुलगी लाजत म्हणायची, "स्वयंपाकघर त्याचं असेल, मॅडम." मॅडमचे खांदे हलायला लागायचे. "म्हणजे तू राबणार ती जागा तेवढी स्वतःची. बाकी घर बँकेचं. छान!"

कर्ज त्या इंजिनावरून शिकवायच्या. कर्जतला गाडी घाट चढायला लागायच्या आधी मागून जादा इंजिनं जोडतात, ती गाडीला ढकलत वर आणतात आणि लोणावळ्याला सुटतात. हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मॅडमचे यजमान तीच इंजिनं चालवायचे. "धंद्यातलं कर्ज म्हणजे मागून लावलेलं इंजिन," मॅडम वर्गात सांगत. "चढ आहे तोवर लावा, लाजू नका. स्वतःच्या ताकदीवर घाट चढायला गेलात तर घाटातल्या मंकी हिलला बसून माकडांना शेंगदाणे घालत राहाल. पण वर आल्यावर सोडा! सपाटीवरही ढकलून घेत पुण्यापर्यंत गेलात, तर गाडी तुमची की मागच्याची?" त्यांच्या वर्गात कर्ज आणि भांडवलाचं गुणोत्तर कुणी कधी चुकलं नाही. उत्तरपत्रिकांत मात्र माकडं यायची.

पावसाळ्यात आमच्याकडे धुकं खिडकीतून सरळ वर्गात शिरतं. एकदा इतकं शिरलं की मागच्या बाकांना फळा दिसेना. पोरांना वाटलं, आता सुट्टी. मॅडम फळ्याजवळून ओरडल्या, "काय दिसतंय?"

"काहीच नाही, मॅडम!"

"थांबा." वाऱ्याची एक झुळूक आली, धुकं क्षणभर फाटलं, फळा दिसला, पुन्हा गेला. "आता दिसलं?"

"थोडं दिसलं!"

"ताळेबंद असाच असतो. वर्षभर धुकं, एकतीस मार्चला एक झुळूक. तेवढ्यात जे दिसलं त्यावरून आपण गुणोत्तरं काढतो. म्हणून काढल्यावर फार मिशीला पीळ भरायचा नाही."

हे शेवटचं वाक्य त्या पुढे स्वतःच विसरल्या. त्याचा फटका माझ्या ग्रंथालयाला बसला.

झालं असं. एका निवांत दुपारी त्यांनी माझी रजिस्टरं मागितली आणि वर्षभरात बाहेर गेलेली पुस्तकं भागिले कपाटातली एकूण पुस्तकं, असं गुणोत्तर मांडलं. दुकानदार माल किती वेळा फिरला ते बघतो, तसं. "ग्रंथपाल, तुमचा माल फिरत नाही हो! किराण्याचं दुकान असतं तर उंदरांनीसुद्धा राजीनामे दिले असते." त्यांनी ते वर्गात सांगितलं. पोरांचा मॅडमवर जीव. दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयात रांग लागली. जो तो मिठी मारून पाच-पाच पुस्तकं न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणून नवी पाच. एकाने सलग तीन दिवस संस्कृत व्याकरण, गुरांचे आजार आणि बाळंतिणीचा आहार नेला. मी शिक्के मारून मारून घायाळ. महिनाअखेर गुणोत्तर इतकं वर गेलं की प्राचार्यांनी माझा सत्कार केला. वाचलं कुणी एक पान नव्हतं.

मी मॅडमना ते सांगितलं. त्या हसता हसता खुर्चीवरून घसरल्या, पाटीला धरून उठल्या, पाटी वाकडी झाली. ती अजून वाकडी आहे. मग मी त्यांना कोपऱ्यातले म्हातारे गृहस्थ दाखवले. निवृत्त पोस्टमास्तर. रोज सकाळी येत, एकच जाडजूड ग्रंथ कपाटातून काढत, इथेच बसून वाचत आणि जागेवर ठेवून जात. घरी नेत नसत, म्हणून रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. "सगळ्या कॉलेजात खरा वाचणारा हा एक," मी म्हणालो. "तुमच्या गुणोत्तरात तो ना वर आहे, ना खाली."

मॅडम न हसता उठून गेल्या. हे फार क्वचित व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या सांगतच, "ग्रंथपाल, तिसरा प्रश्न सापडला. वर काय, खाली काय, आणि रेघेच्या बाहेर काय राहिलं?" त्या दिवसापासून वर्गात तिसरा प्रश्न सक्तीचा झाला.

वडिवळ्याचं प्रकरण त्यानंतरचं.

मॅडमची जुनी विद्यार्थिनी सविता लग्न होऊन वडिवळ्याला गेली होती. तिथल्या बायकांचा गट इंद्रायणी तांदूळ पिकवून विकायचा. गटाच्या प्रमुख ठकूमावशी. तिथल्या धरणाच्या वरच्या वाडीतल्या, सडसडीत, तोंडाने तिखट. भात भरडायला त्यांना व्यापाऱ्याच्या गिरणीत जावं लागे, आणि गिरणी त्याची म्हणून भावही तो ठरवी. गटाला स्वतःची छोटी गिरणी हवी होती. त्यासाठी बँकेचं कर्ज. ठकूमावशींनी घराघरांत जाऊन बायकांना थोपवून धरलं होतं, की यंदा व्यापाऱ्याला भात घालू नका, गिरणी आपली येतीय. बायकांनी त्यांच्या शब्दावर पोती अडवून ठेवली होती. गिरणी आली नाही तर प्रत्येक उंबऱ्यावर जाब ठकूमावशींना द्यायचा होता, आणि गट मोडणार हेही उघड होतं.

"तुम्हीही चला," मॅडम मला म्हणाल्या. "तिथे सगळ्याच बोलणाऱ्या आहेत. खाली भागायला एक गप्प बसणारा हवा."

रविवारी आम्ही कामशेतला उतरून जीपने गेलो. शाळेच्या ओसरीवर गट जमला होता. बँकेच्या अर्जावर दोन गुणोत्तरं मागितली होती, ती सविताने काढून ठेवली होती. पहिलंच बघून ती खूश होती. विक्रीच्या शंभर रुपयांत चाळीस रुपये नफा.

"चाळीस?" मॅडम म्हणाल्या. वडिवळ्यात शिरल्यावर त्यांची भाषा आपोआप परंदवडीची झाली होती. "सोन्याच्या दुकानाला मिळंना एवढा. खर्चात काय काय धरलंय, सविता?"

"बियाणं, खत, ट्रॅक्टर, भरडाई, पिशव्या."

"लावणी कुनी केली?"

"आमीच की," बायका म्हणाल्या.

"कापणी?"

"आमीच."

"झोडणी? निवडणं? पिशव्या भरनं?"

"आमी, आमी, आमी!" आता त्यांना गंमत वाटायला लागली होती.

"मग तुमचा रोज कुटं लिवलाय?"

ठकूमावशींनी पदर खोचला. "आमचाच गट, आमचंच काम. सोताच्या चुलीवर भाकरी थापली तर रोज मागतं व्हय कुनी?"

"भाकरी घरात खाताय, मावशी. तांदूळ इकताय. ह्यो नफा न्हाई. ह्यो तुमचा घाम हाय, नाव बदलून बसलाय."

मॅडमनी खडू काढला. खडूची पेटी त्या नेहमी जवळ ठेवत. शेजारच्या शेतात बायकांना जो रोज मिळतो तोच धरून ओसरीच्या फरशीवर हिशेब मांडला. चाळीसाचे पाच राहिले. सविताचा चेहरा पडला. ठकूमावशी त्या पाचाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गेल्या साली उंदरांनी खाल्लं न्हाई तेवढं ह्या बाईनं एका रेघंत खाल्लं!"

आधी मॅडमच हसल्या. मग सगळी ओसरी. पण हसून झाल्यावर ठकूमावशींनी सरळ विचारलं, "मॅडम, हे पाच दावलं तर बँक पैसं देईल का?"

"ठाव न्हाई."

"आन् चाळीस दावलं तर?"

"देईल बहुतेक."

"मंग?"

"मंग चाळीसाच्या भरवशावर हप्ता बांधाल. आन् हप्ता भराया तुमीच पुन्ना फुकाट राबाल. गिरणी तुमची व्हईल, तुमी गिरणीच्या व्हाल."

बायका आपापसात कुजबुजल्या. रोज लिहायचा असं ठरलं, पण नाराजीने. परतताना गाडीत मॅडमनी बोटांवरचा खडू पुसला. मग म्हणाल्या, "आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची. संध्याकाळी ती घरात पाऊल टाकायची आणि आजी विचारायची, रोज मिळाला का? मला बोलता यायच्या आधी तो शब्द कळत होता." एवढंच. लगेच त्यांनी समोरच्या प्रवाशाला, त्याच्या टोपलीतले पेरू कसे दिले, असं विचारायला सुरुवात केली.

दुसरं गुणोत्तर साठ्याचं. भात दिवाळीनंतर निघतो आणि तांदूळ वर्षभर थोडा थोडा विकला जातो, म्हणून एकतीस मार्चला खोली पोत्यांनी भरलेली दिसते. बँकेला वाटणार, माल पडून आहे. "साठा कमी असता तर बरं दिसलं असतं," एवढं मॅडम बोलता बोलता म्हणाल्या होत्या. तपासणीला बँकेचे पवार म्हणून अधिकारी येणार होते, त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो.

शाळेची जुनी खोली हे गटाचं गोदाम. दारात रांगोळी. खोली शेणाने सारवलेली. आणि आत एक पोतं नाही.

पवारांनी आत बघितलं, कागद बघितला, पुन्हा आत बघितलं. "साठा कुठाय?"

ठकूमावशी पुढे झाल्या. "कमी क्येला, सायेब. तुमाला कमी लागतो म्हनं."

"विकला?"

"छ्या! इकतो कशाला? हाय की समदा."

"कुठे?"

मॅडमनी खांबाला मिठी मारली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. सविताने शेवटी सांगितलं. या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. व्यापारी धान्य बघायला आला की पोती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हलवायची आणि थोडंच दाखवायचं, म्हणजे तो भाव पाडत नाही. धान्य बघायला येणारा परका माणूस म्हणजे व्यापारी. पवारांनाही तोच मान मिळाला होता.

"पवार साहेब," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "मोठमोठ्या कंपन्या एकतीस मार्चला हेच करतात. फक्त त्यांना डोक्यावरून पोती वाहावी लागत नाहीत."

"पण मॅडम, मी आता काय लिहू? साठा जास्त असता तर पडून आहे म्हणून लिहिलं असतं. आता तारणच नाही!"

"चला, मोजू या," मॅडम म्हणाल्या. "घरं काय लांब आहेत?"

मग निघाली वरात. पुढे ठकूमावशी, मागे पवार, त्यांच्यामागे मॅडम, मी आणि सगळं गाव. घराघरांत जायचं, कणगीमागून, पलंगाखालून, एका ठिकाणी तर नव्या सुनेच्या कपाटामागून पोती काढायची, पवारांनी टिपून घ्यायचं आणि चहा प्यायचा. चौथ्या घरात पवार म्हणाले, "आता चहा नको." ठकूमावशी म्हणाल्या, "मंग पोतं मोजलं जानार न्हाई." त्यांनी चहा घेतला. पुढे पुढे ते नुसती बशी पुढे करत.

शेवटच्या एका घरी जेवणं चालली होती. ताटांत रेशनचा तांदूळ, आणि हाताच्या अंतरावर गटाचं इंद्रायणीचं पोतं, लाल दोऱ्याची शिवण तशीच. पवारांनी विचारलं, "हे असताना ते का खाता?"

घरातली बाई गोंधळली. प्रश्नच तिला कळला नव्हता. "ते गटाचं हाय," ती म्हणाली.

सगळ्या घरांत मिळून एकाही पोत्याची शिवण उसवलेली नव्हती. पवार ओट्यावर बसले. कागद उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, याला अर्जावर रकाना नाही."

"नसतोच," मॅडम म्हणाल्या. "हे रेघेबाहेरचं."

पवारांनी आपल्याकडून चांगलंच लिहिलं असणार. तरी बँकेने कर्ज नाकारलं. कारण दिलं, साठा संथ फिरतो. त्या रविवारी ओसरीवर कुणी हसत नव्हतं. ठकूमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आता कुन्या तोंडानं उंबरं चढू?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, मॅडम बँकेला शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, "बँकेनं न्हाई म्हटलं ते बरोबर क्येलं. कारण तेवढं चुकलं."

मॅडमनी पुन्हा खडू काढला.

"साठ्याचं सोडा, ते त्यांच्या डोळ्याचं दुखनं. पर रोज धरून पाच उरत्यात, त्यात हप्ता बसतोय का? न्हाई बसत. मंग पाच वाढवायचं. भाव वाढवा."

"वाढीव भावानं घेनार कोन?"

"रोज धरून जो भाव येतो, तोच खरा. आदी इकत व्हता ती खैरात व्हती."

त्या वर्षी मॅडमनी आम्हा सगळ्यांना तांदळाच्या कामाला लावलं. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये ज्यांची ज्यांची बहीण, मेहुणी, जुनी मैत्रीण राहते, त्या सगळ्यांकडे पिशव्या गेल्या. पिशवीवर सविताने छापून घेतलं होतं: 'या किमतीत पिकवणाऱ्या बाईचा रोज धरला आहे.' काहींनी भाव ऐकून दार लावलं. काहींनी ते वाक्य वाचून दोन पिशव्या घेतल्या. एका बाईंनी मॅडमना फोन करून विचारलं, "घरी करणाऱ्या बाईचाही धरायचा का हो?" मॅडमनी तो फोन मला ग्रंथालयात ऐकवला, पूर्ण आवाजात. पोस्टमास्तरांनी ग्रंथातून मान वर केली आणि म्हणाले, "धरावा." त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पण गटाला त्याहून मोठा आधार कशाचा झाला, ते कुठल्याही गुणोत्तरात आलं नसतं. कापणीच्या दिवसांत अवकाळी ढग आले. कापलेला भात शेतांत पडला होता. न सांगता वरच्या वाडीपासून खालच्या आळीपर्यंत माणसं धावली, ज्यांचा गटाशी काही संबंध नाही तीही. पाऊस पोचायच्या आत भात छपराखाली होता. "ह्याचा रोज कसा लिवायचा?" ठकूमावशींनी मॅडमना विचारलं. मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, "ह्याचा लिवायचा न्हाई. ह्याची फेड त्यांच्या शेतात करायची."

पुढच्या वर्षी नफा चाळीस नव्हता. त्याच्या निम्म्याच्याही खाली होता, पण रोज देऊन उरलेला होता. पवार स्वतःच अर्ज घेऊन आले. साठ्याबद्दल या वेळी त्यांनी महिनावार विक्री जोडायला लावली, म्हणजे बँकेला एका झुळुकीवर निकाल द्यावा लागू नये. कर्ज मिळालं. गिरणी आली.

गिरणीच्या पहिल्या रविवारी मॅडम तिथे दिवसभर होत्या. केसांत, भुवयांत, बुटांच्या नाड्यांत कोंडा. संध्याकाळी सविताने एकेकीला बोलावून रोज दिला. ठकूमावशींनी नोटा हातात धरल्या, खोचल्या नाहीत, नुसत्या धरून उभ्या राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मॅडम, तुमी कवापासून रविवार-रविवार येताय. तुमचा रोज कुटं लिवला?"

मॅडम खाली वाकून बुटांच्या नाड्यांतला कोंडा झटकायला लागल्या. बायका टाळ्या पिटायला लागल्या. "सापडली! मॅडम सापडली!" मॅडमचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "माजं बाहेरचं हाय, मावशी."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी त्या ग्रंथालयात आल्या होत्या. मी खिडक्या लावत होतो. दारात, त्या वाकड्या पाटीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "ग्रंथपाल, तुमच्या हसण्याचं गुणोत्तर काढलं. फार वाईट आहे. वर एक, खाली हजार पुस्तकं. सुधारा." मी म्हणालो, "शांतता राखा." त्या इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावरून शिपाई धावत आला. मग बूट चरचर करत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि जिना उतरले.

त्यानंतरचा मंगळवार मी सुरुवातीलाच सांगितला आहे.

मॅडमच्या घरी पुण्यानुमोदनाचा, त्यांना निरोप द्यायचा कार्यक्रम होता त्या दिवशी वडिवळ्याहून टेम्पो आला. सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत, साड्यांत. गिरणी बंद ठेवून आल्या होत्या. बुद्धवंदना झाली. मॅडमचे यजमान गायकवाड साहेब दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला, "मॅडम असत्या तर तुम्हाला बघून खूश झाल्या असत्या," असं सांगत होते. निघताना अंगणात सविताने ठकूमावशींना हळूच विचारलं. गटाच्या कामाला बाहेरगावी गेलं तर रोज लिहायचा, हा मॅडमनीच घालून दिलेला नियम होता. आजचा लिहायचा का?

ठकूमावशींनी पदराने तोंड पुसलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आजचं बाहेरचं हाय."

गिरणी चालू आहे. रोज लिहिला जातो. मॅडमच्या तासाला आता दुसऱ्या मॅडम येतात. पोस्टमास्तर सकाळी येतात, वाचतात आणि जातात. ग्रंथालयात शांतता असते.